घड्याळ बघून जेवण

“काकू, पाकिटातला राजमा चांगला असतोय. पण तिथं वर भूकच लागत नाही. घड्याळ बघून खावं लागतं.”

वैजापूरच्या स्टँडवर शेजारचा पोरगा बोलून गेला. सुट्टी संपवून सियाचीनकडं निघालेला. आई पिशवीत दशम्या न् शेंगदाण्याची चटणी कोंबत होती, तो “बास गं” म्हणत होता.

दिवसभर ते वाक्य डोक्यातून जाईना.

फौजेच्या पोटाचीच एक जुनी गोष्ट आमच्या तालुक्यातल्या पालखेडची. 1728 साली पहिल्या बाजीराव पेशव्यानं निजामाची तोफांसकट जड फौज इथं दाणापाण्यावाचून कोंडली आणि निजामाला मुंगी-शेवगावला तह करावा लागला. बाजीरावाच्या स्वारांजवळ ओझंच नव्हतं. घोड्यावर बसल्या बसल्या ज्वारीची कणसं हातावर चोळून दाणे खाणारा बाजीराव आपल्याकडं अजून सांगतात.

आता सैनिकांच्या अन्नासाठी म्हैसूरला 1961 पासून डीआरडीओची, म्हणजे देशाच्या संरक्षण संशोधन संस्थेची, प्रयोगशाळा आहे. शिजवलेलं अन्न पाकिटात बंद करून दाबाखाली, साधारण 121 अंशांवर निर्जंतुक करतात. फ्रिजशिवाय महिनोन् महिने टिकतं. फार मोठं काम आहे हे, मला मनापासून अभिमान वाटतो.

पण विरळ हवेत भूक मरते, त्याचं काय? शरीराला तर जास्त लागतं, थंडीच तशी. म्हणजे ड्यूटीसारखंच जेवणही पार पाडायचं. एकवीस-बावीस वर्षांच्या पोरानं. दोन भाकरी जास्तीच्या मागणाऱ्या पोरानं!

तुमच्या घरातलं कुणी फौजेत असेल तर सांगा, तिकडं गेल्यावर त्याला नेमकं काय खावंसं वाटतं?