फासा कपाला लागून थांबला

अजून हात थरथरतायत. दीड वर्ष दर शनिवारी आम्ही पाच जण डंजन्स अँड ड्रॅगन्स हा पात्रं रंगवत, फासे टाकत गोष्ट पुढे नेण्याचा खेळ खेळतोय, आणि आज आमची क्लेरिक, म्हणजे जखमा बऱ्या करणारी पुजारीण, मरता मरता वाचली.

पुलावर ट्रोल नावाच्या राक्षसाशी लढताना ती कोसळली. ट्रोलच्या जखमा आपोआप भरून येतात, फक्त आग किंवा ॲसिड लागलं तरच ते थांबतं. आणि आमची शेवटची मशाल नदीत गेलेली! हिट पॉइंट, म्हणजे जिवाचे गुण, शून्यावर गेलेल्या पात्राला स्वतःची पाळी आली की २० बाजूंचा फासा टाकावा लागतो. १० किंवा जास्त आले तर यश, नाहीतर अपयश. ३ अपयशं म्हणजे मृत्यू. तिची २ झाली होती.

क्लेरिक खेळणाऱ्या मैत्रिणीने फासा मुठीत घट्ट धरला, डोळे मिटले. डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) असलेला दादासुद्धा गप्प. फासा घरंगळत चहाच्या कपाला लागून थांबला.

२०!

२० आला की पात्र १ हिट पॉइंट घेऊन थेट शुद्धीवर येतं. ती रडली, मीही रडलो.

१९७४ साली हा खेळ जगासमोर आणणाऱ्या गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांना आज मनापासून नमस्कार करावासा वाटतोय.

ट्रोल अजून पुलावरच आहे. पुढच्या शनिवारी तेलाच्या बुधल्या घेऊनच जायचं ठरलंय.