तुम्ही विचारलंत म्हणून : नऊ घासांपुरतं दार लोटून

कन्फ्यूशियस या प्राचीन चिनी विचारवंताची शिकवण हा धर्म म्हणायचा की तत्त्वज्ञान, असं तुम्ही पुन्हापुन्हा विचारता. एका शब्दात सांगायचं तर मी 'धर्म' म्हणेन. मात्र कोणत्या अर्थाने, ते नीट सांगायला हवं.

आधी शब्दांचं बघू. धर्म वेगळा आणि तत्त्वज्ञान वेगळं, अशी फोड जुन्या चिनी भाषेत नव्हती. आज चिनीत या दोन्हींसाठी वापरतात ते शब्द १९व्या शतकात जपानी विद्वानांनी युरोपीय शब्दांना प्रतिशब्द म्हणून रूढ केले आणि तिथून ते चीनमध्ये गेले. त्याआधी या परंपरेला 'रू' म्हणत, म्हणजे ग्रंथ आणि विधी जाणणाऱ्यांची परंपरा. कन्फ्यूशियसचं (इ.स.पू. ५५१–४७९) नावही त्यात नाही. म्हणून नावावरून वाद घालण्यापेक्षा विधी बघावा.

याच परंपरेतला कोरियातला 'जेसा' घ्या. पितरांच्या मृत्युतिथीला करायचा हा विधी, परंपरेने चार पिढ्यांपर्यंतचा, थोरल्या मुलाने करायचा. पितराचं नाव लिहिलेली पाटी किंवा कागद मांडतात. जिवंत माणसाच्या डाव्या हाताला भात आणि उजव्या हाताला सूप असतं. पितरापुढे नेमकं उलटं. मिरची, लसूण आणि पीच हे फळ वर्ज्य, कारण त्यांनी आत्मे दूर पळतात अशी समजूत. धूप लावून वाळूच्या भांड्यात तीनदा मद्य ओतायचं, ते आवाहन. मग सर्वांचे नमस्कार. पहिला प्याला अर्पण झाला की लिहून आणलेलं निवेदन वाचतात, त्यानंतर दुसरा प्याला आणि मग तिसरा, शेवटचा. भातात चमचा उभा रोवतात. मग सगळे बाहेर येतात आणि दार लोटून घेतात. नऊ घास खाऊन होतील एवढा वेळ थांबायचं, यजमानाने तीनदा खाकरायचं आणि मगच दार उघडायचं. सूप काढून पाणी ठेवतात, निरोपाचे नमस्कार होतात, कागद आणि निवेदन जाळतात. शेवटी तेच अन्न, तेच मद्य सगळे मिळून घेतात. त्याला 'आशीर्वाद पिणं' अशा अर्थाचा शब्द आहे.

पानावरून घराघरांत वाद होतात तो बहुतेकदा 'लाल फळं पूर्वेला, पांढरी पश्चिमेला' या नियमावरून. २०२२ मध्ये सेऊलच्या सुंगक्युनक्वान या कन्फ्यूशियन संस्थेने जाहीर केलं, की हा नियम जुन्या विधिग्रंथांत नाहीच. सणाच्या पानाला नऊ पदार्थ पुरेत आणि तळणाची गरज नाही. तळणापायी सुना दिवसदिवस चुलीपुढे अडकत होत्या. हे फार आधी सांगायला हवं होतं, असं मला वाटतं.

आता सांगा, नुसत्या तत्त्वज्ञानाला दार कशाला लोटायला लागेल? आत कोणीतरी जेवतंय, असं धरूनच ते लोटतात. धरून, हा शब्द मुद्दाम वापरला. कन्फ्यूशियसच्या वचनसंग्रहात सांगितलंय ते एवढंच, की पितरांना अर्पण करताना ते समोर असल्यासारखं करावं. शिष्याने मृत्यूबद्दल विचारलं तेव्हा त्याने उलट विचारलं, जगणंच कळलं नाही तर मरण कसं कळणार? पितर खरोखर येतात का, याचं उत्तर कोणी मागत नाही. विधी मात्र चुकवायचा नाही. 'तत्त्वज्ञान' म्हणणारे वचनं वाचतात आणि विधी वगळतात. माझ्या मते चूक तिथेच होते.

रोमलाही हा पेच सुटायला दोन शतकांवर काळ लागला. १७१५ मध्ये अकराव्या क्लेमेंट पोपने चिनी कॅथलिकांना पितरांचे आणि कन्फ्यूशियसचे विधी करायला मनाई केली. १७९१ मध्ये कोरियातल्या युन जी-चुंग या कॅथलिकाने पितरांच्या पाट्या जाळल्या, आईच्या मृत्यूनंतर विधी केला नाही, आणि राज्याने त्याला मृत्युदंड दिला. १९३९ मध्ये रोमने हे विधी नागरी आदराचे ठरवून परवानगी दिली.

सरकारदरबारी उत्तर देशागणिक बदलतं. चीन पाच धर्मांना मान्यता देतो, त्यांत हा नाही. इंडोनेशियात १९६५च्या अध्यादेशात सहा धर्मांत याचं नाव होतं. राष्ट्राध्यक्ष सुहार्तोंच्या काळात मान्यता गेली, तसं ओळखपत्रावरचा धर्म आणि विवाहनोंदणी दोन्ही अडले. २००० पासून बंधनं सुटत गेली आणि २००६ मध्ये मान्यता पुन्हा मिळाली. तिथे हा प्रश्न लग्नाच्या दाखल्याचा होता.

मराठीत आपण पुत्रधर्म म्हणतो, शेजारधर्म म्हणतो. त्यात कोणी धर्मांतर करून येत नाही, आणि बौद्ध असो की ख्रिस्ती, तो पाळता येतो. मी 'धर्म' म्हणते ते या अर्थाने. म्हणूनच दक्षिण कोरियाच्या जनगणनेत 'तुमचा धर्म कोणता' या प्रश्नाला कन्फ्यूशियन असं उत्तर देणारे एक टक्काही भरत नाहीत. तुमच्या घरी कोणाकोणाची तिथी पाळतात, असं विचारलं तर आकडा वेगळाच येईल.