मी 'वाणी' खोडत होतो

उपमा अलंकार हा माझ्या हिशोबाने दोन तासांचा विषय. एका तासात व्याख्या, दुसऱ्यात उदाहरणं, की पुढचा धडा. ऑगस्टात सातवीला तो शिकवायला घेतला आणि एप्रिल उजाडला तरी तो काही सुटला नाही.

आमची जिल्हा परिषदेची शाळा बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात. जमीन हलकी, पाणी नशिबावर. दिवाळीचे दिवे विझले की गावातले कोयते, म्हणजे ऊसतोडीच्या नवरा-बायकोच्या जोड्या, साखर कारखान्याला निघतात आणि वर्गही त्यांच्यामागे रिकामा होत जातो. पटावर सातवीची 31 मुलं. डिसेंबरात बाकावर 19. हे आधीच सांगतो, कारण शिकवण्याचे बेत इथे ऊस बघून आखावे लागतात.

पहिला तास पुस्तकी झाला. फळ्यावर चार शब्द लिहिले: उपमेय, उपमान, साधारण धर्म, साधर्म्यदर्शक शब्द. खाली वाक्य, 'तिचे डोळे कमळासारखे सुंदर आहेत.' ज्याला उपमा द्यायची ते उपमेय, म्हणजे डोळे. ज्याची द्यायची ते उपमान, म्हणजे कमळ. दोघांत सारखा असलेला गुण, सुंदरपणा, हा साधारण धर्म. आणि जोडणारा शब्द 'सारखे'. पोरांनी सुरात म्हटलं, वहीत उतरवलं. मी खूश. मग मागच्या बाकावरून हात वर आला.

"सर, कमळ म्हंजी मतदानाची निशाणी असती, तेच ना?"

वर्गात कोणीच कमळ पाहिलं नव्हतं. पाहणार कुठे? उन्हाळ्यात आमच्या तलावाच्या मातीला तडे जातात. म्हणजे पोरांनी डोळ्यांची उपमा मतपत्रिकेवरच्या चित्राशी जुळवून घेतली होती आणि बिनतक्रार पाठही केली होती. मी हसण्यावारी नेलं.

आठवडाभराने चाचणी घेतली. वीस वाक्यं, त्यातल्या उपमेच्या वाक्यांना गोल करायचा. 'बाळ सारखं रडतं' याला 31 पैकी 26 जणांनी गोल केला. 'दोघींच्या वह्या सारख्या आहेत' यालाही. 'नियमाप्रमाणे वर्ग आठला भरला', गोल. 'मी सांगतो तसं कर', गोल. 'शेजारच्या गावासारखं आपल्याकडे पाणी नाही' याला तर दोनदोन गोल.

"अरे, बाळ कशासारखं रडतंय?" मी विचारलं.

"सारखंच रडतंय सर."

उत्तर बरोबर होतं, ही पंचाईत. चूक माझी होती. 'सारखा दिसला की उपमा' अशी खूण मीच सांगून बसलो होतो. आपल्या मराठीत 'सारखा' म्हणजे सतत, 'सारखा' म्हणजे एकसमान, आणि शब्दाला जोडून आला तर 'च्यासारखा'. 'प्रमाणे'चंही तेच; तो कधी तुलनेचा, कधी नियमाचा. शब्द ओळखून अलंकार सापडत नाही, हे नोकरीच्या चौदाव्या वर्षी मला सातवीच्या पोरांनी दाखवलं.

मग चार जड शब्द बाजूला ठेवले आणि तीन प्रश्न केले. कोण? कशासारखं? आणि कशात? तिन्हींची उत्तरं सापडली तरच गोल. 'बाळ सारखं रडतं': कोण, बाळ, कशासारखं, उत्तर नाही, वाक्य बाद. 'त्याचं बोलणं गुळासारखं': कोण, बोलणं, कशासारखं, गूळ, कशात? वाक्यात लिहिलेलं नाही, पण सगळ्या वर्गाला ठाऊक, गोडीत. साधारण धर्म असा लपलेला असला तर त्याला लुप्तोपमा म्हणतात हे मी ओझरतं सांगितलं. परीक्षेला ते नाव लागत नाही, पण 'कशात' हा प्रश्न लागतो.

पाण्याचं वाक्य मात्र तिन्ही प्रश्नांतून पार झालं. कोण, आपलं गाव, कशासारखं, शेजारचं गाव, कशात, पाण्यात. 'पोरगा बापासारखा उंच' हेही पार झालं. मी ऐटीत चौथा नियम काढला, "फूटपट्टीनं मोजता येतं ती नुसती तुलना, मोजता येत नाही ती उपमा." एक पोरगी लगेच म्हणाली, "उसावाणी उंच पोरगा. दोन्ही मोजता येतंय की." नियम तिथेच गार झाला. शेवटी वर्गानेच ठरवलं की दोन्ही गोष्टी एकाच जातीच्या नकोत. बाप-लेक एका जातीचे, गाव-गाव एका जातीचं. ऊस नि पोरगा वेगळ्या जातीचे. यालाही कुठेतरी अपवाद निघेल, पण सातवीचं काम भागलं.

आता तिने म्हटलेला तो शब्द. 'उसावाणी.'

याच दिवसांत वह्या तपासताना एका पोराचं वाक्य आलं: 'बाबाचा राग दुधावाणी हाय. उतू जातो आन् लगीच खाली बसतो.' मी सवयीप्रमाणे लाल पेन चालवला. 'हाय' खोडून 'आहे', 'लगीच' खोडून 'लगेच', 'वाणी' खोडून 'सारखा'. शेवटी 'शुद्ध लिही' असा शेरा. दहापैकी सहा.

त्या रात्री दुसऱ्या दिवसाच्या तयारीसाठी व्याकरणाचं जुनं पुस्तक उघडलं. साधर्म्यदर्शक शब्दांची यादी होती: सम, समान, सारखा, जसा, तसा, प्रमाणे, सदृश, तुल्य, परी, वाणी. ही यादी मी डीएडला पाठ केली होती. तोंडाने म्हणत आलो होतो. तिच्या शेवटी 'वाणी' बसलेला होता आणि मी चौदा वर्षं तो गावंढळ म्हणून खोडत होतो.

बरं, मी काही शहरातला नाही. घरी माझी आई अजून 'सारखा' म्हणत नाही. पैठणला एकनाथ, गंगाखेडला जनाबाई, अंबाजोगाईला मुकुंदराज, अशा मुलखातला मास्तर मी, आणि पोरांच्या तोंडातली मराठी मला अशुद्ध वाटत होती. असो. सकाळी वही परत घेतली, सहाचे दहा केले आणि वर्गाला यादी दाखवून सांगितलं की चूक सरांची होती.

तो पोरगा म्हणाला, "मग खोडलं कामून?"

याला काय सांगणार?

त्यानंतर वर्ग मोकळा सुटला. मी घरचा अभ्यास दिला, 'घरी, पारावर, टमटममध्ये कोणी उपमा बोललं की चोरून आणायची. स्वतः करायची नाही.' जुन्या कॅलेंडरची पाठकोरी पानं चिकटवून तक्ता केला. आठ दिवसांत तो भरला. लेकुरवाळ्या घरातला गलका 'मोंढ्यावाणी', म्हणजे धान्याच्या बाजारासारखा. न बोलणारा जावई 'डीपी जळाल्यावाणी गप'; डीपी म्हणजे गावाचा विजेचा ट्रान्सफॉर्मर. उन्हाळ्यात पत्र्याचं घर 'तव्यावाणी'. आजी पावसाला म्हणाली, 'सवतीवाणी वागतो, दुसऱ्याच्या रानात पडतो.' एकाने आणलं 'रेंज गेल्यावाणी बघतंय' आणि कोणीतरी शंका काढली की ही उपमा जुनी नाही, चालंल का? चालंल म्हटलं. शिवाय 'गत' आला, 'कुत्र्यागत राबतो'. तो त्या यादीत नव्हता. मी पेनाने लिहून टाकला.

ओळखणं जमलं म्हणून वापरणं जमतं असं नाही. 'कापसासारखं' वापरून वाक्य करा म्हटलं तर सगळ्यांच्या वहीत 'ढग कापसासारखे पांढरे'. म्हणून उपमान एकच ठेवलं आणि 'कशात' बदलायला लावलं. कापूस पांढरा असतो, मग आणखी काय असतो? हलका. मऊ. वेचताना बोटाला टोचतो. ठिणगी पडली की भडकतो. भिजला की जड होतो. यातला एकेक गुण धरून वाक्य करायचं. एकाने केलं, 'आमचा वाडा कापसावाणी हाय.' कशात? 'भावात. दरसाल खालीच.' अख्खा वर्ग हसला, मीही. पण त्यांना कळलं की उपमान नुसतं ठेवून भागत नाही, त्याची कोणती बाजू उजेडात धरायची ते आपण ठरवायचं असतं. उपमा शिकवण्याचा मला सापडलेला सगळ्यात कामाचा सराव हा. कोणी विचारलं तर मी हाच सांगतो.

याच उत्साहात माझ्याकडून एक वाईट गोष्ट झाली.

तोंडी सराव चालू होता. एका पोराने पुढच्या बाकावरच्या मुलीकडे बोट करून म्हटलं, "ही डांबरावाणी काळी." वर्ग खदखदला. मी काय करावं? चारही भाग एका दमात आले याचा मला इतका आनंद झाला की वाक्य फळ्यावर लिहून मी खाली रेघा ओढल्या. उपमेय, उपमान, साधारण धर्म. मागे वळलो तेव्हा ती खाली मान घालून वहीचा कोपरा दुमडत होती. दुमडायची, उलगडायची, परत दुमडायची. फळा पुसला, पण लिहून झालं होतं.

दोन दिवस ती आली नाही. तिसऱ्या दिवशी तिची आई आली. आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाली, "गुरुजी, पोरगी आरशापुढं जाईना. शाळेत काय शिकविता तुम्ही?" मी हात जोडले. वर्गासमोर त्या पोराच्या आधी मी माफी मागितली, कारण त्याने नुसतं म्हटलं होतं, फळ्यावर मी लिहिलं होतं.

तेव्हापासून वर्गात नियम झाला: वर्गातलं कोणीही उपमेय व्हायचं नाही. करायचंच असेल तर सरांवर करा. ही परवानगी पोरांनी मनापासून वापरली. माझं टक्कल, माझी चाल, मोटारसायकल, सगळं कामी आलं. ती मुलगी बरेच दिवस या तासाला तोंड उघडत नव्हती. एके दिवशी हळूच म्हणाली, "सरांचा आवाज चढाला लागलेल्या टमटमवाणी हाय. लई गरगर, पुढं जाईना." तक्त्यावर माझ्या नावाच्या रकान्यात हे पहिलं लिहिलं.

हिवाळ्यात उपमेचे शेजारी भेटत गेले. एकाने कीर्तनातून 'अमृताहूनी गोड नाम तुझे देवा' आणलं. नामदेवांच्या अभंगात नाम अमृतासारखं नाही, अमृतापेक्षा वरचढ आहे. उपमेय उपमानाच्या पुढे गेलं की तो व्यतिरेक. 'हून' दिसला की सावध व्हा, एवढंच सांगितलं. 'जणू'ने मात्र घोळ घातला. 'जणू' आला की बहुतेकदा उत्प्रेक्षा, कारण तिथे उपमेय हेच जणू उपमान आहे अशी कल्पना असते. आणि 'आई म्हणजे वडाची सावली' म्हटलं की दोन्ही एकच मानली, ते रूपक. एकच गोष्ट तिन्ही प्रकारे म्हणायची, असा एक तास घेतला. बरा झाला, फार नाही.

निबंधात दुसरंच दुखणं निघालं. 'पाऊस' या विषयावर एका मुलीने दीड पानात चौदा उपमा घातल्या. पाऊस घोड्यावाणी आला, मोत्यावाणी पडला, सापावाणी वाहिला. मी विचारलं, "यातला तू बघितलेला पाऊस कोणता?" तिने बराच वेळ वाचून बघितलं आणि एकावर बोट ठेवलं, 'पत्र्यावर हरबरा ओतल्यावाणी वाजला.' बाकीच्या तेरा तिनेच खोडल्या. दोन खोडताना तिला जड गेलं. मोती राहू द्या म्हणत होती.

एप्रिलात पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, आणि कारखान्यावरची पोरं परत आली. त्यांचा अर्धा अभ्यास बुडालेला, तक्ताही त्यांच्या माघारी वाढलेला. मी त्यांना पाच ओळी लिहायला सांगितल्या, 'मी पाहिलेलं दृश्य.' तीन प्रश्न परत समजावले. दुधावाणी रागाचं लिहिणारा पोरगा दिवाळीनंतर आईबापाबरोबर गेला होता. त्याने पाचऐवजी दोनच ओळी लिहिल्या.

'आई डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकात चढती. तवा उसाला पाय फुटल्यावाणी दिसतं.'

मधल्या सुट्टीत मी ते ऑफिसात वाचून दाखवलं. एक सहकारी म्हणाले, "ही उपमा नाही. उसाला पाय कधी फुटतात का? कल्पना आहे, उत्प्रेक्षा." बाई म्हणाल्या, "वाणी आहे ना? मग उपमा." चहा गार होईपर्यंत वाद चालला. मी वर्गात नेऊन विचारलं. जी पोरं गावातच राहिली होती ती उत्प्रेक्षा म्हणाली. फडावरून आलेल्यांतली एक पोरगी म्हणाली, "सर, यात कल्पना कुठंय? मोळीच्या खाली माणूस दिसतच न्हाई. पाचट लोंबतंय आन् खाली पाय. तसंच दिसतंय." बाकीच्या परत आलेल्यांनी माना हलवल्या.

मी त्याला विचारलं, "कशात रे? कशात उसावाणी?"

तो म्हणाला, "चालण्यात." थोड्या वेळाने म्हणाला, "आन् मी हाक मारली तर ओ देत न्हाई ती तवा. दम लागतो."

वाक्य तक्त्यावर चढवलं, त्याच्याच अक्षरात. प्रत्येक वाक्यासमोर अलंकाराचं नाव लिहायचा रकाना असतो. त्याच्या ओळीपुढचा रकाना मोकळाच राहिला आहे.