टक्, फस्स!

आमच्या घरात कुणाला काही ऐकू येत नाही. दारावरची बेल वाजली, की चौघांपैकी प्रत्येकाला वाटतं, ती बाकीच्या तिघांसाठी वाजते आहे. धाकटीला जेवायला हाका मारून माझा घसा बसतो. थोरल्याच्या कानांवर अष्टौप्रहर हेडफोन. नवरा तर उशाशी वाजणारा गजर शेजाऱ्यांचा समजून कूस बदलतो. पण रात्री अकराला, सगळं आवरून झाल्यावर, मी अंधारात थंड पेयाचा एक कॅन उघडला, की याच मंडळींच्या कानांत प्राण गोळा होतात. टक्, फस्स! की लगेच आतल्या खोलीतून, ‘आई, काय उघडलंस?’

‘काय उघडलंस’ हा प्रश्न नसतोच, ते आरक्षण असतं. पाठोपाठ दोन ग्लास आणि एक नवरा येतो. नवऱ्याला ग्लास लागत नाही, त्याला ‘फक्त एक घोट’ हवा असतो. घोट या मापाची व्याख्या आमच्याकडे लग्नापासून वादात आहे. ३३० मिलिलिटरचे असे चार वाटे पडले, की माझ्या वाट्याला कॅन येतो. रिकामा. तो चेपून टाकायचं कामही माझंच.

आता यावर ‘मग चार कॅन आण’ असा सल्ला मिळतो. गोड पेयाच्या त्या एका कॅनमध्ये जवळजवळ ३५ ग्रॅम साखर असते, म्हणजे सात-आठ चमचे. पोरांना रात्री अकरा वाजता ती पाजून पुन्हा झोपवायचं कुणी? तर प्रश्न पेयाचा नव्हताच, आवाजाचा होता. बरं, बाटलीचं फिरकीचं झाकण कसं समजूतदार असतं. थोडं फिरवा, थांबा, जरा वाफ जाऊ द्या, पुन्हा फिरवा. कॅनला मधली स्थिती ठाऊकच नाही. एक तर बंद, नाहीतर सगळ्या घराला वर्दी.

शत्रूची नीट ओळख करून घ्यावी म्हणून मी एकदा थोरल्याच्या दप्तरातलं भिंग आणलं आणि कॅनचं झाकण बघत बसले. इतकी वर्षं ज्याच्यावर नख मोडत आले, ती चीज एवढी देखणी असेल असं वाटलं नव्हतं. झाकणाचा पत्रा जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा. त्यावर तोंडाच्या आकाराची एक बारीक खाच, म्हणजे पत्रा तेवढाच आणखी पातळ केलेला. ही खाच पूर्ण गोल फिरत नाही, एका बाजूला थोडी जागा अखंड सोडलेली असते. त्यामुळे पत्र्याचा तुकडा आत वळतो, पण पेयात पडत नाही. मधोमध एक बटणासारखा उंचवटा, ज्याने कडी धरून ठेवलेली. हा उंचवटा वेगळा ठोकलेला खिळा नाही. झाकणाचाच पत्रा वर उचलून, दाबून तो घडवतात. भोक पाडलंच नाही, तर गळणार कुठून!

आणि ती कडी! शाळेत तरफेचे प्रकार पाठ केले होते, ते परीक्षेनंतर रीतसर विसरले. इथे दोन प्रकार एका बोटाखाली सापडले. कडीचं मागचं टोक आपण उचलायला लागलो, की तिचं पुढचं नाक झाकणावर टेकतं आणि मधला उंचवटा वर खेचला जातो. टेकू एका टोकाला, भार मधे, म्हणजे आपलं लिंबू पिळायचं यंत्र. खाच फाटायला तिथूनच सुरुवात होते, उंचवट्याशेजारी एक केसाएवढी फट पडते आणि आतला दाब निसटतो. दाब गेला, की तोच उंचवटा टेकू बनतो, कडी सीसॉसारखी होते आणि तिचं नाक पत्र्याचा तुकडा आत ढकलतं. दाब आधी सोडणं भागच आहे, कारण आतून रेटणाऱ्या वायूविरुद्ध तो तुकडा एका बोटाने आत दाबणं माझ्यासारखीचं काम नव्हे. म्हणजे ‘टक्’ हा पत्रा फाटल्याचा आवाज, आणि ‘फस्स’ हा त्या केसाएवढ्या फटीतून वायू घाईघाईने बाहेर पडल्याचा. पुढे एक ‘कर्र’ही असतं, तुकडा आत वळतानाचं. पण तोपर्यंत ग्लास निघालेले असतात.

एवढा आरडाओरडा करणारा वायू असतो किती? पेयाच्या वर, झाकणाखाली, दोन-तीन चमचे मावतील एवढी मोकळी जागा. तिथला तेवढाच काय तो ओरडतो. बाकीचा सगळा पेयात विरघळून मुकाट बसलेला असतो, आणि तो थोडाथोडका नसतो. बाहेर मोकळा सोडला तर पेयाच्या तिप्पट जागा व्यापेल एवढा, म्हणजे एका कॅनमध्ये जवळजवळ लिटरभर. मुकाट बसणाऱ्यांकडे जास्त लक्ष द्यावं, हे मला दोन मुलं वाढवूनही तेव्हा सुचलं नाही.

मग उपाय सुरू झाले. पहिला, कॅन भरपूर गार करायचा. हा खरा आहे. थंड द्रवात वायू जास्त विरघळून राहतो, वरचा दाब कमी होतो आणि ‘फस्स’चं ‘फिस्’ होतं. दुसरा, ओला नॅपकिन चार पदरी घडी करून वर धरायचा आणि आतून बोट घालून कडी उचलायची. आवाज निम्मा होतो, पण कडी दिसत नाही. मी अंदाजाने दोनदा नख मोडलं आणि एकदा नॅपकिनचं टोक कॅनमध्ये बुडवलं. तिसरा, नळ सोडून त्या आवाजात उघडायचं. त्यावर ‘रात्री एवढं पाणी का वाहतंय’ म्हणून नवराच उठून आला. चौथा खोकण्याचा. नेम धरून खोकणं ही कला आहे. खोकला आधी येतो आणि कॅन नंतर उघडतो, आणि मग घरात दोन गोष्टींची चौकशी होते. कॅनवर आधी टिचक्या मारायच्या, हेही कुणीतरी सांगितलं. त्याने फेस कमी होतो म्हणे. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०१९ साली हजारावर बिअरचे कॅन हलवून, टिचक्या मारून, उघडून, वजनं करून पाहिलं. काही फरक पडत नाही. माझा अनुभवही तोच. टिचक्यांचा आवाज तेवढा वाढला.

गंमत म्हणजे कॅन उघडण्यावर माणसाने डोकं कमी चालवलेलं नाही. पत्र्याच्या डब्याचं पेटंट इंग्लंडमध्ये १८१० साली घेतलं गेलं, आणि डबा उघडायच्या हत्याराचं तिथलं पेटंट थेट १८५५ साली. मधली पंचेचाळीस वर्षं छिन्नी आणि हातोडी. (शेजारी काय म्हणत असतील!) बिअर कॅनमध्ये विकायला लागली १९३५ साली, तीही टोकदार ओपनर घेऊनच उघडावी लागे. दोन भोकं पाडायची, एक पिण्यासाठी, एक हवेसाठी. मग १९५९ साली अमेरिकेत ओहायोतला अर्मल फ्रेझ नावाचा गृहस्थ सहलीला गेला आणि ओपनर घरी विसरला. त्याने मोटारीच्या बंपरवर कॅन उघडले. घरी येऊन स्वस्थ बसला असता तर तो आपल्यासारखा झाला असता, पण त्याचा हत्यारं-यंत्रांचा धंदा होता. कॅनलाच चिकटलेली कडी त्याच्या डोक्यातून निघाली, आणि १९६२ पासून तसे कॅन बाजारात आले. ती कडी मात्र उपटून हातात यायची. लोक ती वाळूत फेकायचे आणि इतरांचे पाय कापायचे. काही जण नीटनेटकेपणाने ती कॅनमध्येच टाकून वरून पेय प्यायचे, हे तर त्याहून भयंकर. १९७५ साली डॅनियल कुडझिक यांनी झाकणालाच चिकटून राहणारी कडी आणली, तीच आज माझ्या बोटाखाली आहे.

म्हणजे बघा, नखं, पाय, घसे, सगळ्यांचा विचार झाला. आवाजाबद्दल कुणाला काही वाटल्याचं दिसत नाही. उलट जाहिराती तर त्याच्यावरच चालतात. पेय दाखवायच्या आधी ते ऐकवतात.

माझं हे दुःख मी एकदा दादाजवळ बोलले. वाढदिवसाला त्याचं पार्सल आलं. आत एक रबरी टोपी, कॅनच्या डोक्यावर घट्ट बसेल अशी. आतून स्पंजचा जाड थर, मधोमध कडीखाली सरकणारी एक चपटी जीभ, आणि बाहेर एक छोटा दांडा. दांडा हळूहळू फिरवायचा, जीभ कडी उचलते, आवाज टोपीत जिरतो. सोबत चिठ्ठी, ‘रात्रीच्या कामगिरीसाठी.’

दादाला माहीत नसेल, पण त्याने पाठवलेली वस्तू मोठ्या खानदानातली आहे. हायरम पर्सी मॅक्झिम यांनी बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट १९०९ साली घेतलं, त्याचं तत्त्व हेच. जोराने निघालेल्या वायूला एकदम बाहेर सोडायचं नाही, आधी आडोशाच्या जागेत पसरू द्यायचं, जरा दमू द्यायचं. मोटारीच्या सायलेन्सरमध्येही तेच. दुसऱ्या बाजूने बघितलं तर ती थोडी चिंदोगुच्या घराण्याला लागते. केंजी कावाकामी या जपानी गृहस्थांनी हा शब्द रूढ केला. एखादी अडचण खरोखर सोडवणारी, पण वापरायची लाज वाटेल अशी वस्तू म्हणजे चिंदोगु. तिचे नियमही आहेत. ती प्रत्यक्ष बनवलेली हवी, पण विकायची नाही, तिचं पेटंट घ्यायचं नाही. माझी टोपी विकत घेतलेली होती, म्हणजे त्या नियमात बसत नाही. लाजेच्या अटीत मात्र पूर्ण बसते.

त्या रात्री अकरा वाजता मी कामगिरीवर निघाले. फ्रिजच्या दाराचं रबर आधी बोटाने सोडवून घेतलं, ते ‘पच्’ करतं. कॅन काढला, टोपी बसवली, दांडा फिरवायला लागले. किती हळू? घड्याळात बघितलं नाही, पण धाकटीच्या पाळण्याजवळून एकेकाळी जशी उठत असे, तेवढं हळू. टोपीच्या आत काहीतरी झालं. कुणी उशीत तोंड खुपसून शिंकावं तसं. मग एक लांबलचक, अस्पष्ट उसासा. टोपी काढली तर कॅन उघडलेला! घर शांत. नवऱ्याचं घोरणं एका लयीत.

जिंकले होते मी. पण पहिला घोट घेतला आणि वाटलं, हे शिळं आहे. दुसरा घेतला. बुडबुडे होते, जिभेला टोचत होते, तरी काहीतरी राहिलं होतं. खाण्यापिण्याच्या आवाजाने चव कशी बदलते, यावर ऑक्सफर्डमधले मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्पेन्स यांनी बरंच काम केलंय. लोकांना चिप्स खायला देऊन त्या चावण्याचा आवाज त्यांच्याच कानांत कमीजास्त करून ऐकवला, तर त्याच चिप्स लोकांना कधी कुरकुरीत, कधी मऊ वाटल्या. या प्रयोगाला २००८ साली इग नोबेल मिळालं. ते पारितोषिक आधी हसवतं आणि मग विचार करायला लावतं. मी अंधारात उभी राहून फक्त दुसरी पायरी गाठत होते.

आणि आणखी एक झालं. इतके दिवस मी फक्त कॅन उघडत होते. वाटून घ्यावा लागायचा, चिडचिड व्हायची, पण ते कॅन उघडणंच होतं. टोपी आली आणि त्याची चोरी झाली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात फ्रिजचा दिवा लागला होता. जरा खुट्ट झालं की मी कॅन ओट्याखाली नेत होते. स्वतःच्या घरात, स्वतः आणलेला कॅन! घोट घेताना गळ्याचा आवाज होऊ नये म्हणून मी थेंबथेंब पीत होते. वाटणीत आलेले चार घोट मी निदान बसून प्यायचे. आता सगळा कॅन माझा होता, आणि मी ओट्याला टेकून उभी.

तरी संपवला. शेवटचा घोट गेला, कॅन हलकेच खाली ठेवला, टोपी खणात मागे सारली. दोन-तीन चमचे वायूचा मी छान बंदोबस्त केला होता. तो बाकीचा, मुकाट बसलेला लिटरभर, आता माझ्या पोटात होता. आणि तिथे टोपी बसवायची सोय नव्हती.

ढेकर आला तो असा, की नवऱ्याचं घोरणं थांबलं.

आतून धाकटीचा आवाज आला, ‘आई, काय पितेस?’

‘पाणी,’ मी म्हणाले.

अंधारात जरा वेळ शांतता. मग कपाटाचं दार वाजलं, आणि एकावर एक ठेवलेले दोन ग्लास एकमेकांपासून सुटल्याचा आवाज आला.