हसलरवाल्या फिल्मचा अपडेट: पत्त्यांचा सीन शेवटी जमला

सीन 7 जमत नाहीये हे मागेच लिहिलं होतं, तोच, ज्यात आपला हसलर, म्हणजे रस्त्यावर पत्त्यांच्या खेळात लोकांना लुटणारा ठग, खोक्यावर तीन पत्ते पालथे टाकून बदामची राणी ओळखा म्हणतो. तो काल रात्री अख्खा परत शूट केला आणि खरं सांगतो, मॉनिटरवर बघताना अंगावर काटा आला.

आधी चुकत काय होतं ते सांगतो. या खेळातली मेख अशी की एका हातात दोन पत्ते एकावर एक धरलेले असतात, बघणाऱ्याला वाटतं आता खालचा पडणार आणि हा गुपचूप वरचा सोडतो, झालं, तिथून पुढे पत्ते कितीही हळू फिरवले तरी गिऱ्हाईकाची नजर चुकीच्याच पत्त्यामागे जाते. मी हे पहिल्या वेळी चार शॉट्समध्ये तोडलं होतं, हात, चेहरा, गिऱ्हाईक, परत हात. एडिट बघून मित्र म्हणाला, "अरे, इथे त्याने नाही फसवलं, तू फसवलंस." अगदी बरोबर बोलला. मध्ये कट आला की बघणारा धरूनच चालतो की तेवढ्यात पत्ता बदलला असणार, मग हसलरच्या हाताला काही किंमतच उरत नाही. म्हणून या वेळी एकच टेक, कॅमेरा ट्रायपॉडवर, उंची गिऱ्हाईकाच्या डोळ्यांएवढी.

त्यासाठी ॲक्टरने तीन आठवडे फक्त तो एक थ्रो, म्हणजे खालच्याऐवजी वरचा पत्ता सोडायची हातचलाखी, घटवला. दिग्दर्शक ख्रिस्तोफर नोलनची 'फॉलोइंग' (1998) ही फिल्म याच पद्धतीने झाली होती, नोकऱ्या सांभाळून जवळपास वर्षभर शनिवारी शूटिंग, 16 एमएमची रीळ महाग म्हणून आधी भरपूर रिहर्सल आणि मग एक-दोन टेकमध्ये शॉट ओके. आपल्याकडे रिळाचा खर्च नाही म्हणून आपण रिहर्सल टाळतो, ते चुकतं असं माझं मत झालंय.

दुसरी गोष्ट शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमला कॅमेरा किती वेळ उजेड घेतो ते. पहिल्या वेळी बल्ब खोक्याच्या फार जवळ होता आणि कॅमेरा ऑटोवर, त्यामुळे शटर 1/200 सेकंदावर गेलेलं, हात तुटक तुटक हलताना दिसत होता आणि वरचा पत्ता सुटतानाही स्वच्छ दिसत होता, सगळं बिंग तिथेच फुटलं. आता सेकंदाला 24 फ्रेम्स आणि शटर 1/50 ला लॉक केलं. हात हलताना जो हलका ब्लर येतो ना त्यातच थ्रो लपतो, समोर बसलेल्या माणसाच्या डोळ्यालाही तो असाच दिसत असणार. 50 हर्ट्झच्या विजेवर एलईडीचा फ्लिकर, म्हणजे व्हिडिओत दिसणारी लुकलुक, तीही याने गेली.

लाइट एकच, खोक्याच्या वर टांगलेला बल्ब. अंधार पाहिजे म्हणून एक्स्पोजर पाडू नका, म्हणजे शूट करतानाच चित्र काळपट घेऊ नका, मी ते करून बसलोय, नंतर ग्रेडिंगमध्ये (रंग-उजेड सुधारताना) उचलायला गेलं की काळ्या भागात नुसता नॉइज, म्हणजे दाणेदारपणा, येतो. पत्ते आणि बोटं नीट एक्स्पोज करा, बाकीचं आपोआप काळं पडतं. आमचा त्रास भिंतीचा होता, फिकट भिंतीवरून उजेड उसळून चेहऱ्याच्या दुसऱ्या बाजूला जात होता. फ्रेमच्या जरा बाहेर काळी चादर धरली आणि अर्धा चेहरा एकदम बुडाला. तो अर्धा चेहरा बघून ॲक्टरचं बोलणंसुद्धा आपोआप हळू झालं, हे मला फार आवडलं.

साउंडसाठी शेवटी सगळ्यांना एक मिनिट गप्प बसवून जागेचा नुसता आवाज घेतला.

आता सीन 8, गर्दीतला साथीदार, जो सगळ्यांसमोर मुद्दाम जिंकतो. तो हसलरचाच माणूस आहे हे प्रेक्षकाला तिथेच कळू द्यायचं की गिऱ्हाईक लुटलं गेल्यावर, यावर आमच्यात अजून वाद चाललाय. मी नंतरच्या बाजूने आहे, कारण सीन 7 मध्ये आपण गिऱ्हाईकाच्याच डोळ्यांनी बघतोय. दोन्ही व्हर्जन शूट करणार, पुढच्या रविवारी.