गायकासाठी जागा सोडणारा ऑपेरा

अझरबैजानच्या राजधानीत, बाकूतल्या निझामी रस्त्यावरच्या ऑपेरा थिएटरात परवा 'लैला-मजनू' पाहिला. मध्यंतरात ऑफिसमधला एक युरोपियन सहकारी म्हणाला, "याला ऑपेरा कसं म्हणायचं? अर्धा वेळ ऑर्केस्ट्रा नुसता बसून आहे." तेव्हापासून मी धुमसते आहे.

ऑर्केस्ट्रा बसून असतो, हे खरं. पण संगीतकार उझेयिर हाजिबेयोवचं सगळं धाडस तिथेच तर आहे! १९०८ च्या जानेवारीत बाकूत हा ऑपेरा पहिल्यांदा झाला तेव्हा तो जेमतेम २२ वर्षांचा होता. शुशात वाढलेला, गोरीच्या अध्यापक विद्यालयात शिकलेला. शब्द घेतले सोळाव्या शतकातल्या फुझुलीच्या काव्यातून. सुरुवातीचं समूहगान त्याने लिहून काढलं, वाद्यवृंदाचे तुकडे लिहिले आणि मजनूच्या विलापाशी आल्यावर स्वर लिहिलेच नाहीत. तिथे फक्त मुघामचं, म्हणजे आपल्या रागासारख्या तिथल्या प्रकाराचं, नाव घातलं. ठरलेले स्वर, ठरलेले टप्पे, पुढचा विस्तार ज्याचा त्याने करायचा. आपल्या वाचकांना याहून जास्त फोड करून सांगायला नको. तार हे छेडून वाजवायचं तंतुवाद्य आणि गजाने वाजणारा कमांचा गायकाच्या मागे मागे जातात, तो थांबला की त्याचंच वाक्य पुन्हा बोलून दाखवतात. परवा सेगाह या मुघामात गायकाने एका स्वरावर इतका वेळ मुक्काम केला की माझ्या तोंडून मोठ्याने "वा!" निघून गेलं. शेजारच्या आजी माझ्याकडे वळून हसल्या.

त्या पहिल्या प्रयोगात मजनू झाला हुसेनगुलू साराब्स्की. लैलाची भूमिका चहाच्या दुकानात काम करणाऱ्या एका मुलाने केली होती, कारण मुसलमान बाईने रंगमंचावर उभं राहणं तेव्हा शक्यच नव्हतं. नेमक्या त्याच काळात किर्लोस्कर मंडळीत बालगंधर्व शकुंतला रंगवत होते. दोन्हीकडे गाणारा माणूस नाटक थांबवून गातो आणि त्यासाठीच लोक येतात. आपली नाट्यपदं एकेका गायकाने कुठल्या कुठे नेली, ते आपण जाणतो. मग ऑर्केस्ट्रा सतत वाजत राहिला तरच ऑपेरा, हा नियम कोणी केला?

एक गोष्ट मात्र मनाला लागते. इथे हाजिबेयोवच्या जन्मदिवशी, १८ सप्टेंबरला, राष्ट्रीय संगीत दिन असतो. संगीत अकादमीला त्याचं नाव आहे, समोर पुतळा आहे. आपल्या संगीत नाटकाच्या वाट्याला एवढं कुठे आलं? अर्थात आपलं गाणं सरकारच्या आधाराशिवाय, गुरूच्या घरी बसून टिकलं, हेही लहान नाही. आणि सरकारी प्रेमाची किंमत इथल्या लोकांनी भरपूर मोजली आहे. १९२० च्या दशकात, सोव्हिएत राजवटीत, तार हे मागासलेलं वाद्य ठरवण्याची मोहीम निघाली. हाजिबेयोव तारेच्या बाजूने उभा राहिला आणि १९३१ मध्ये त्याने लोकवाद्यांचा, स्वरलिपी वाचून वाजवणारा वाद्यवृंद उभा केला. १९३७ च्या एप्रिलमध्ये त्याचा 'कोरोग्लू' हा ऑपेरा रंगमंचावर आला, खूप गाजला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कवी अहमद जवाद याला गोळ्या घातल्या गेल्या. स्वतंत्र अझरबैजानच्या ज्या राष्ट्रगीताला हाजिबेयोवने चाल दिली, त्याचे शब्द जवादचे मानले जातात. ते गीत पुन्हा अधिकृत झालं १९९२ मध्ये. चाल देणारा १९४८ मध्येच गेला होता.

त्याचा धाकटा भाऊ जेयहून १९१९ मध्ये पॅरिसच्या शांतता परिषदेला गेलेल्या शिष्टमंडळात होता. १९२० मध्ये सोव्हिएत लाल सेना बाकूत शिरली, त्यामुळे तो परतलाच नाही. १९६२ मध्ये फ्रान्समध्येच वारला, पण आयुष्यभर अझरबैजानबद्दल लिहीत राहिला. "तुम्ही काय, निघून गेलात" असं घरचं कोणी म्हणालं की हल्ली मला जेयहून आठवतो. आमच्यावर तशी वेळ आली नव्हती, कबूल आहे. तरीही दूर गेलेल्याचं नातं तुटलं, असं धरून चालणाऱ्यांनी त्याचं आयुष्य एकदा बघावं.

'कोरोग्लू'मध्ये हाजिबेयोवने सगळं लिहून काढलं आहे. गायकाला मोकळी जागा नाही. इथले जाणकार त्यालाच त्याची सर्वोत्तम कृती मानतात. बांधणी खरोखर भक्कम आहे, मीही ऐकलं आहे. पण मला २२ व्या वर्षीचा हाजिबेयोवच जास्त मोठा वाटतो, आणि यावर माझं आता इथल्या मैत्रिणींशीही भांडण होतं.