कोष्टकं वाचणारा माणूस

मुंबई इलाख्याचं जुनं गॅझेटिअर, म्हणजे जिल्ह्यांची सरकारी माहिती देणारी पुस्तकमाला, जेम्स कॅम्पबेल साहेबाने संपादित केलेली, १८७७ पासून पुढे जिल्ह्याजिल्ह्याचे खंड निघत गेले, पुण्याचे एकट्याचे तीन भाग १८८५ मधले, हे सगळं आज स्कॅन होऊन नेटवर फुकट पडलंय. पण फुकट मिळालं म्हणजे वाचता आलं असं नाही. पानाचा फोटो सुंदर दिसतो, आणि त्याच्यामागे ओसीआरने, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखणाऱ्या मशीनने, जो मजकूर तयार केलेला असतो तो बघितला की वाटतं हे मशीन रात्री पिऊन बसलं होतं की काय.

सगळ्यात मोठी गंमत त्या तिरक्या रेघेची. गॅझेटिअरवाल्यांनी आपली नावं नीट उच्चारली जावीत म्हणून 'आ' साठी इंग्रजी ए च्या डोक्यावर बारीक तिरकी रेघ दिली, केवढी काळजी घेतली बघा, आणि सव्वाशे-दीडशे वर्षांनी मशीनला ती रेघवाली अक्षरं सरळ डी वाटतात. त्यामुळे नाशिक, ठाणे, खानदेश सगळ्यांच्या पोटात डी घुसलाय, आणि मराठा शब्द तर इतक्या वेळा मर्डठा झालेला दिसतो की थोड्या वेळाने तोच बरोबर वाटायला लागतो. आता ज्याला या खंडांमध्ये मराठा शोधायचाय तो सर्चमध्ये नीट स्पेलिंग टाकणार आणि त्याला काहीच सापडणार नाही, आणि तो म्हणणार यात माहितीच नाही! हे दुरुस्त करणं म्हणजेच प्रूफरीडिंग, मी तेच करतो, बाकी त्यात काही थोर नाही.

दुसरा त्रास समासातल्या मथळ्यांचा. प्रत्येक पानाच्या कडेला प्रकरणाचं नाव आणि विषय बारीक टायपात छापलाय, वर एका बाजूला 'बॉम्बे गॅझेटिअर' आणि दुसरीकडे 'डेक्कन', आणि मशीन हे सगळं ओळीने वाचत जातं. म्हणजे कुणबी सकाळी उठून शेतावर निघालाय आणि वाक्याच्या मधेच 'प्रकरण तिसरं, लोकसंख्या' येऊन आदळतं, मग तो बिचारा पुढच्या ओळीत शेतावर पोचतो. तळटीपा तर विचारूच नका, काही पानांवर अर्धं पान तळटीपच आणि ती पुढच्या पानावर चालू. मधेच एखाद्या पानावर स्कॅन करणाऱ्याचा अंगठा, आणि घडीचे नकाशे घडी न उलगडताच स्कॅन केलेले. त्याला इलाज नाही, पुढे जायचं.

पण खरी मजा आकड्यांत आहे असं माझं मत झालंय (लोक हसतात). कोष्टकं कोणी वाचत नाही. अभ्यासक येतो, त्याला हवी ती एक ओळ घेतो आणि जातो. अख्खं कोष्टक वरून खालपर्यंत वाचणारे म्हणजे ज्या कारकुनाने ते भरलं तो, सरकारी छापखान्यात ज्याने खिळे जुळवले तो, आणि आता प्रूफरीडर. आणि वाचताना पडताळा घ्यायची एक छान सोय त्या लोकांनी नकळत करून ठेवलीये, रक्कम ते पौंडात देतात आणि लगेच कंसात रुपयात, दर ठरलेला, दहा रुपयांना एक पौंड. बाहेर चांदी घसरत होती, रुपयाची किंमत उतरत होती, पण गॅझेटिअरात रुपया ठाम उभा! आपल्याला काय, पौंडाला दहाने गुणलं आणि रुपये जुळले नाहीत की समजायचं तीनचा आठ झालाय किंवा एक शून्य गळलंय. एक शिलिंग म्हणजे आठ आणे, हेही हळूहळू तोंडपाठ होतं. अपूर्णांक मात्र हातानेच टाकावे लागतात, पाऊण-अर्धा दिसला की मशीन टक्क्याचं चिन्ह ठोकून मोकळं.

एकदा धान्याच्या भावांचं कोष्टक होतं. भाव म्हणजे रुपयाला किती पौंड (हा वजनाचा पौंड) ज्वारी, म्हणजे आकडा मोठा तर स्वस्ताई, लहान तर महागाई, उलटं आहे ते. खाली येता येता एका जागी आकडे एकदम अंग चोरल्यासारखे बारीक झाले. मला वाटलं नेहमीचंच, मशीनने पुढचा अंक खाल्ला. मूळ पान मोठं करून बघितलं तर छपाई स्वच्छ, अंक बरोबर. मग डावीकडच्या रकान्यात साल बघितलं, १८७६-७७. दख्खनचा दुष्काळ. कोष्टकात त्याच्यावर एक शब्द नाही, खाली लगेच पुढचं साल, आणि पुढे कधीतरी आकडे परत सावरलेले. इतिहासाच्या पुस्तकात तो दुष्काळ मी वाचला होताच की, पण चूक शोधायला म्हणून गेलो आणि चूक नाही हे कळलं तेव्हा जे झालं ते पुस्तकात झालं नव्हतं.

आणि नियम असा की जसं छापलंय तसंच ठेवायचं. छापखान्याची चूकसुद्धा ठेवायची, फार तर खूण करायची. हे स्पेलिंगपुरतं सोपं आहे. जातींची वर्णनं येतात तिथे हात शिवशिवतो, अमुक लोक कष्टाळू, काटकसरी, पण अस्वच्छ, पुढची जात आळशी पण पाहुणचाराला बरी, असे शिक्के पानोपानी मारत गेलेत, तेच चार-पाच शब्द फिरवून फिरवून. तिथे आपलं काम काय, तर स्वल्पविराम जागेवर आहे ना बघणं. मला ते पटतं पण, कारण त्यातलं एक विशेषण मी सौम्य केलं तर उद्या कोणाला सरकारचा माज दाखवायला पुरावा कुठून मिळणार.

विकिस्रोतावर, म्हणजे लोक मिळून जुनी पुस्तकं नेटवर उतरवतात त्या साइटवर, एकाने तपासलेलं पान पिवळं होतं आणि दुसऱ्या कोणीतरी परत तपासलं की हिरवं. पिवळी ढीगभर असतात, हिरवी कमी. कोष्टकांच्या पानांना तर कोणी हातच लावत नाही. तरुण मुलांना सांगून बघितलं, ते म्हणतात काका हे एआय करेल ना. करू दे की, पण त्याला दुष्काळातला भाव चुकीचा वाटला आणि त्याने तो नीट करून टाकला तर?